आयबीडीतली पोटदुखी: गोळी घेण्याआधी कळ ओळखा

आयबीडी म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि व्रण आणणारे आजार, मुख्यतः क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. यांतला एखादा असलेल्या माणसाने मेडिकलच्या काउंटरवर जाऊन ‘पोटात दुखतंय, काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा हातात पडते मेफ्टाल स्पास. आपल्याकडे ती पोटदुखीची घरगुती गोळी होऊन बसली आहे. पाळीत दुखलं तरी तीच, मुरडा आला तरी तीच. आयबीडीवाल्यांनी मात्र पाकिटामागची बारीक अक्षरं वाचावीत: मेफेनॅमिक ॲसिड 250 मिलिग्रॅम, डायसायक्लोमिन 10 मिलिग्रॅम. डायसायक्लोमिन आतड्याचा पीळ सैल करतं. गडबड आहे ती मेफेनॅमिक ॲसिडची, कारण ते आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन यांच्याच घराण्यातलं आहे. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं आणि सूज आणणारं रसायन बनू देत नाहीत, म्हणून दुखणं कमी होतं. पण आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर, तिथला रक्तपुरवठा आणि झालेला व्रण भरून येणं, हे सगळंही त्याच प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबून असतं. ज्याच्या आतड्यात आधीच व्रण आहेत त्याला ही गोळी देणं म्हणजे दुखणं दाबून व्रण उघडा ठेवणं.

एका गोळीने सगळ्यांचंच बिघडतं असं नाही. पण काहींचा शांत असलेला आजार आठवडा-दीड आठवड्यात उसळतो, आणि आपण त्यातले आहोत की नाही हे घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा नावं लक्षात ठेवा. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आहे, झेरोडॉल पीमध्ये ॲसिक्लोफेनॅक, व्होवेरानमध्ये डायक्लोफेनॅक. गावाकडच्या दवाखान्यात कंबरेत जे ‘दुखण्याचं इंजेक्शन’ देतात तेही बहुधा डायक्लोफेनॅकच असतं. पोटाऐवजी सुईने दिलं म्हणून ते आतड्याला सोसतं, ही समजूत चुकीची आहे. औषध रक्तातून आतड्यापर्यंत पोचतंच.

मग राहतं पॅरासिटामॉल. 500 किंवा 650 मिलिग्रॅमची गोळी, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. धडधाकट प्रौढासाठी 24 तासांत 4 ग्रॅमची कमाल मर्यादा सांगतात, पण बरेच डॉक्टर 3 ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. वजन 50 किलोच्या खाली असेल, दारू असेल, किंवा ॲझाथायोप्रिन-मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असून यकृताचे आकडे वरखाली होत असतील तर मर्यादा डॉक्टरकडून ठरवून घ्यावी. 650 च्या चार गोळ्या म्हणजे 2.6 ग्रॅम, एवढा हिशोब पुरतो. चूक होते ती दुसरीकडे. सायक्लोपाममध्ये डायसायक्लोमिनच्या जोडीला पॅरासिटामॉल असतंच. वर डोलो, म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच, घेतली, त्यात सर्दीची गोळी पडली, की आकडा कधी वाढला ते कळत नाही.

हे झालं गोळ्यांचं. पण या आजारात ‘पोटात दुखतंय’ एवढ्यावर कुठलंच औषध ठरवता येत नाही. व्रणाचं दुखणं वेगळं, अडकलेल्या आतड्याचं वेगळं, पू झाल्याचं वेगळं, आणि आजार शांत असतानाही उरतं ते आणखी वेगळं. एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्यात घातक ठरू शकतं.

जेवणानंतर लाटांनी येणारी कळ

क्रोन्समध्ये सगळ्यात जास्त समजून घ्यायला हवी ती ही. लहान आतड्याचा शेवटचा भाग, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे वारंवार सूज येऊन भिंत जाड होते आणि नळी अरुंद पडते. मागचं आतडं अन्न पुढे ढकलायला जोर लावतं. कळ चढते, दोन-चार मिनिटं टिकते, उतरते, पुन्हा चढते. उजवीकडे खाली किंवा बेंबीभोवती. सोबत मोठ्याने गुडगुड, पोट टम्म. बारीक माणसाच्या पोटावर आतड्याची वळवळ कातडीखालून दिसतेसुद्धा. मग एखादा मोठा गुडगुडाट होतो, वारा सरतो आणि एकदम मोकळं वाटतं. असं दर जेवणानंतर होऊ लागलं की माणूस आपोआप कमी खातो. वजन उतरतं आणि घरचे म्हणतात, नीट जेवत नाही म्हणून दुखतंय.

इथे काय करू नये ते आधी. एरंडेल नाही. इसबगोल नाही, पाणी पिऊन फुगणारी ती भुशी अरुंद जागेत अडकते. पोट साफ करणारी कुठलीही गोळी किंवा त्रिफळा नाही. आतडं आधीच भिंतीवर डोकं आपटतंय, त्याला मागून ढकलून उपयोग नसतो. डायसायक्लोमिननेही कळ तात्पुरती मंदावते, पण अडथळा तिथेच राहतो आणि तो पूर्ण बंद होत चालल्याचं उशिरा कळतं.

कळ सौम्य असेल, वारा सरत असेल, उलटी नसेल तर काही तास घन खाणं थांबवून फक्त पातळ घ्यावं: मीठ घातलेली भाताची पेज, गाळलेलं वरणाचं पाणी, ओआरएस. तेही घोटाघोटाने. कळा थांबल्यावर दुसऱ्या दिवशी मऊ भात. उलटी सुरू झाली, वारा सरणं थांबलं किंवा पोट फुगत चाललं, तर हा घरी बसून बघण्याचा प्रकार नाही. रुग्णालयात नाकातून नळी घालून पोटातला दाब काढतात, सलाइन लावतात, सीटी करतात आणि सूज जास्त असेल तर स्टिरॉइड देतात.

सूज आणि व्रणाची गाठ यांतला फरकच पुढचा उपचार ठरवतो. सुजेने अरुंद झालेला भाग औषधाने मोकळा होऊ शकतो. वर्षानुवर्षं भरून-फाटून घट्ट झालेला व्रण कुठल्याच गोळीने सैल होत नाही. एमआर एन्टेरोग्राफीत, म्हणजे आतड्याच्या एमआरआयमध्ये, हे बऱ्यापैकी कळतं, जरी पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही मिसळलेलं असतं. घट्ट भाग छोटा, साधारण 5 सेंटिमीटरच्या आत आणि सरळ असेल तर दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येतो. लांब असेल, किंवा शेजारी पू-नासूर असेल तर शस्त्रक्रिया. ‘ऑपरेशन टाळायचंच’ म्हणून दोन-तीन वर्षं पेजेवर काढणारे लोक शेवटी वजन आणि प्रथिनं गमावून, जास्त धोक्याच्या अवस्थेत त्याच टेबलावर जातात. वेळेवर केलेली शस्त्रक्रिया हा काही उपचारांचा पराभव नव्हे.

खाण्याचं म्हणाल, तर तिखटापेक्षा अडकणारा चोथा जास्त नडतो. शेवग्याच्या शेंगेचे धागे, मक्याचे दाणे, गवारीच्या शिरा, पालेभाजीचे देठ, संत्र्याच्या फोडीचं पांढरं साल, पेरूच्या बिया, अख्खे शेंगदाणे, ओल्या नारळाचे तुकडे, मटकी-हरभऱ्याच्या उसळीची टरफलं. भाजी सोडायची नाही, तिचं रूप बदलायचं. दुधी, लाल भोपळा, गाजर साल काढून, शिजवून, घोटून. टोमॅटो साल-बिया काढून. पालक देठं खुडून, उकडून, मिक्सरमधून. मुगाची धुतलेली डाळ चालते, सालीची नको. उपासाच्या दिवशी साबुदाण्याला उगाच बोल लागतो. त्यात चोथा जवळजवळ नसतोच, त्रास होतो तो खिचडीतल्या भरड कुटाचा, तुपाचा आणि दिवसभर रिकाम्या पोटानंतर एकदम भरलेल्या ताटाचा. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी, हा नियम उपासाला मोडतो आणि रात्री कळ येते. आतडं अरुंद नसेल तर यातलं बरंच पथ्य आजार शांत असताना सोडून द्यावं. कायमचं मऊ भात-वरण कोणाच्याच भल्याचं नसतं.

गुदाजवळची दुखणी

अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो, म्हणून तिथलं दुखणं वेगळ्या जातीचं. डावीकडे खालच्या बाजूला मुरडा येतो, धावत जावं लागतं आणि बाहेर येतं ते चमचाभर आव-रक्त. जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, कुंथत बसावं लागतं. गंमत म्हणजे यातल्या काहींना वरच्या भागात चक्क बद्धकोष्ठ असतं. खाली सूज आणि वर मळ साचलेला. दिवसात दहा वेळा जाऊनही. लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी घेऊन हा प्रकार आणखी बिघडतो.

याचं दुखणं शमवायचं खरं औषध म्हणजे सूज जिथे आहे तिथेच लावलेली मेसालामिन, हे आतड्याची सूज उतरवणारं औषध. गुदाशयापुरती असेल तर रोज रात्री 1 ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची मेणासारखी गोळी), त्याच्या वर डाव्या बाजूपर्यंत असेल तर एनिमा, म्हणजे बाटलीने आत सोडायचं पातळ औषध. आपल्याकडे लोक तोंडाने घ्यायच्या गोळ्या बिनतक्रार घेतात आणि सपोझिटरी लाजेपायी फ्रीजच्या दारात पडून राहते. आधी शौचाला जाऊन या. टोकाला थोडं पाणी लावा, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्या आणि बोटाने इतकी आत सरकवा की आकुंचन पावणारा स्नायू ओलांडला जाईल. तोंडाशीच राहिली तर ती घसरून बाहेर येते आणि ‘मला धरवतच नाही’ असं वाटतं. मे महिन्यात ती हाताळतानाच मऊ पडते. आवरणासकट थोडा वेळ थंड पाण्यात धरली की पुन्हा कडक होते. एनिमा मात्र थंड देऊ नये. बाटली अंगाच्या उबेला आणून, हलवून, हळूहळू दाबायची. घाईने दाबली की आतडं ती लगेच परत फेकतं. अर्धा तास तसंच पडून राहावं, आणि शक्यतो रात्रभर ते आतच राहू द्यावं. जुनी चादर अंथरा, डाग जात नाहीत. द्रव गडद तपकिरी झाला असेल तर ती बाटली टाकून द्या. सूज फार असताना एनिमा टिकतच नसेल तर आधी काही दिवस सपोझिटरी किंवा फोम आणि मग एनिमा, असा क्रम डॉक्टर देतात.

क्रोन्समध्ये याच भागात पू होतो. बसवत नाही इतका ठणका, ताप, शौचाच्या जागेशेजारी गरम गाठ. त्याला अँटिबायोटिक एकटं पुरत नाही, पू बाहेर काढावाच लागतो. आणि इथे एक धोक्याची सूचना: भगंदर म्हणून कुठेही शस्त्रक्रिया करून घेण्याआधी क्रोन्स आहे हे ठासून सांगा. क्रोन्सच्या भगंदरात साधारणपणे सैल दोरा घालून पू वाहता ठेवतात आणि जोडीला औषध देतात. स्नायू कापत जाणारा घट्ट दोरा वापरला तर शौचावरचा ताबा जाण्याची भीती असते. घरी करण्यासारखं म्हणजे टबातल्या कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा 10 ते 15 मिनिटं बसणं. डेटॉल नको, तुरटी नको. भाजलेल्या कातडीला ती आणखी सोलतात. जेट स्प्रेची धार पूर्ण सोडू नये. नंतर चोळून न पुसता मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं आणि झिंक ऑक्साइडचा पातळ थर लावायचा.

तपासणीत काही नाही, तरी दुखतंच

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी) स्वच्छ, सीआरपी हा रक्तातला सुजेचा आकडा नेहमीसारखा, आणि तरीही रोज दुखतं. आजार शांत असलेल्यांतही साधारण तिघांपैकी एकाला अशी इरिटेबल बॉवेलसारखी, म्हणजे सूज नसताना हळव्या आतड्याने दुखण्याची, लक्षणं असतात. लांबलेल्या सुजेनंतर आतड्याच्या मज्जातंतूंना साधा वायूचा ताणही कळेसारखा जाणवू लागतो. हे मनाचे खेळ नव्हेत, आणि ‘तुमचं सगळं नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवणं हेही उत्तर नव्हे.

अशा वेळी स्टिरॉइड सुरू करण्याआधी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, हे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, बघावं. 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, 250 च्या वर असेल तर सूज बहुधा चालू आहे, आणि मधलं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा. नमुना देण्याच्या आधीच्या दिवसांत कॉम्बिफ्लॅमसारखं काही घेतलं असेल तर आकडा उगाच वाढतो, ते सांगायला विसरू नका. तो कमी असतानाही नुसत्या दुखण्यापायी वायसोलोन हे स्टिरॉइड वाढवत नेणं हा या आजारातला महागात पडणारा उद्योग आहे. हाडं, साखर, डोळे सगळ्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते.

या दुखण्यावर वेगळा मार्ग चालतो. कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले, जास्त दूध यांतले आंबून वायू करणारे पदार्थ आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने चार ते सहा आठवडे बंद ठेवून मग एकेक परत आणतात. परत आणणं हा त्यातला मुख्य भाग, आणि नेमका तोच लोक करत नाहीत. हिंगाबद्दल एक बारकावा: बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. झोपताना अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमपासून सुरू करणं हा डॉक्टरांचा नेहमीचा उपाय आहे. ती नैराश्याची गोळी म्हणून ओळखली जाते, पण इथे मात्रा त्याहून कितीतरी कमी असते आणि काम मज्जातंतूंवर असतं. गुण यायला तीन-चार आठवडे लागतात; तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होऊ शकतं, सकाळी जड वाटत असेल तर तासभर आधी घ्यावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगावं. पोटाने श्वास घेण्याचाही फायदा होतो: चार आकडे आत, सहा बाहेर, दहा मिनिटं, आणि कळ नसतानाही रोज. कळ आल्यावर पहिल्यांदा करून बघितला तर काहीच होत नाही.

ट्रामाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची सवय मात्र लावून घेऊ नये. आतडं मंदावतं, आणि काही आठवड्यांनी औषधच दुखणं वाढवू लागतं. जितकं घ्यावं तितकं दुखतं. शस्त्रक्रियेनंतरचे चार दिवस ही वेगळी गोष्ट.

पोटाबाहेरचं थोडक्यात

गुडघे-घोटे सुजले की लोक हाडांच्या डॉक्टरकडे जातात आणि आयबीडीचा उल्लेख राहून जातो. मोठ्या सांध्यांची सूज बहुधा आतड्याबरोबर चढते-उतरते, म्हणून आतड्याचा उपचार हाच तिचाही उपचार. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर धरणं आणि हालचालीने ती सुटणं हे मात्र आतड्याशी ताल न धरता चालतं. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा. ॲझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वरच्या पोटात दुखून पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला कळवावं. उजव्या जांघेत दुखतं, पाय सरळ करवत नाही, लंगडत चालावं लागतं आणि ताप आहे, तर पोटाच्या मागच्या स्नायूत पू झालेला असू शकतो. क्रोन्समध्ये हे दुखणं कंबरेचं समजून हमखास मालिश केली जाते.

आपल्या देशात आणखी एक घोळ असतो. लहान आतड्याच्या टोकाचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसतात. म्हणून अनेकांना आधी क्षयाची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. व्रण भरले नसतील तर निदान पुन्हा तपासावं लागतं. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर ती दुसरी तपासणी टाळू नये.

शेक, आणि कधी शेकत बसू नये

गरम पाण्याच्या पिशवीने मुरडा खरंच कमी होतो. उकळतं पाणी थेट ओतू नये, गॅस बंद करून काही मिनिटं थांबावं. पिशवी दोन तृतीयांश भरून आडवी धरून हवा काढायची, मग बूच लावायचं. हवा राहिली की ती पोटावर नीट बसत नाही आणि वळली की फाटते. टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं. ती पोटावर घेऊन झोपू नये. रोज महिनोनमहिने त्याच जागी शेकलं तर कातडीवर तपकिरी जाळीसारखे डाग उमटतात. ते दिसले की शेक थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. एवढा शेक लागतोय याचाच अर्थ आजार आटोक्यात नाही.

पोट फळीसारखं कडक झालं, हलल्यावर दुखतं, थंडी वाजून ताप आला, तर पिशवी बाजूला ठेवून निघायचं. स्टिरॉइडवर असलेल्यांनी तर आणखी आधी, कारण स्टिरॉइड ताप आणि दुखणं दोन्ही झाकतं. आतडं फुटल्यावरही पोट जेमतेम दुखत असतं. कोलायटिसमध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी 1955 साली दिलेली खूण अजून वापरतात: दिवसात सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि सोबत नाडी 90 च्या वर, ताप 37.8 सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन 10.5 च्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) 30 च्या वर, यांपैकी एक जरी असलं तरी भरती व्हायचं. अशा वेळी लोपेरामाइड, डायसायक्लोमिन किंवा ट्रामाडॉल घेतल्याने मोठं आतडं सुस्त होऊन फुगू शकतं. जुलाब एकदम थांबले पण पोट फुगलं आणि माणूस मलूल झाला, तर ती सुधारणा समजू नका.

रात्री दोन वाजता अनोळखी कॅज्युअल्टीत हे सगळं सांगायची ताकद नसते. म्हणून एक चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा: आजाराचं नाव, आतड्याचा कुठला भाग, कुठे अरुंद आहे का, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधं, स्टिरॉइडची आजची मात्रा, आणि ठळक अक्षरांत ‘डायक्लोफेनॅक देऊ नये’. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या सीटीच्या अहवालाचे फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही असू द्या. त्यावर कापलेल्या आतड्याची लांबी लिहिलेली असते, आणि सर्जन पहिल्यांदा तीच विचारतो.